सोळा दातांची चकती

आबा, तुमच्या गाडीची पुढची चकती मी बदलली होती, आणि आता ती परत तुमच्या मापाची केली आहे. हे तुम्हाला सांगायला हवं असं बरेच दिवस वाटत होतं म्हणून आज लिहायला बसले. रविवारची दुपार आहे, आई आतल्या खोलीत झोपली आहे, जेवणाची भांडी ओट्यावर तशीच पडली आहेत. तुम्ही असता तर म्हणाला असता, लिहीत काय बसलीस, आधी भांडी घास. पण तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. घरात आता मला असं बोलणारी एकटी आईच उरली आहे, आणि ती झोपेत बोलत नाही.

चकतीचं तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, पण गेल्या महिन्याभरात मी ते निम्म्या कारखान्याला समजावलं आहे, त्यामुळे जिभेला वळण लागलंय. पुढे इंजिनाकडे छोटी दातेरी चकती, मागे चाकाला मोठी, मधे साखळी. पुढच्या चकतीचे दात कमी केले की गाडी चढाला जोर धरते, पण सपाटीवर तिचं इंजिन बोंबलत राहतं. दात वाढवले की हायवेला गाडी शांत पळते आणि चढ आला की धापा टाकते. आपल्या गाडीला कंपनीने सतरा दात दिले होते. तुम्ही सोळा केले, मी अठरा केले. दोघांनी आपापल्या रस्त्याप्रमाणे केलं, यात कुणाचं काही चुकलं असं मला वाटत नव्हतं, आणि तसं पाहिलं तर अजूनही वाटत नाही.

तुम्ही एसटीच्या वर्कशॉपात फिटर. घरच्यांना पास, कुठंही जा. आणि बायको अशी की तिला एसटी लागते. भोरच्या स्टँडवरून गाडी बाहेर पडायच्या आत आईचं तोंड पांढरं पडायचं आणि कापूरहोळ यायच्या आत सगळी गाडी तिच्यासाठी पिशव्या शोधायची. तुमच्या खात्याचा एवढा अपमान दुसऱ्या कुणी केला नसेल. तिचं माहेर वेल्ह्याच्याही पुढे, पासलीची खिंड चढून पलीकडे. म्हणून तुम्ही कुणाकडून तरी जुनी घेतलेली ही साडेतीनशे सीसीची मोटारसायकल आणलीत, तिच्या मागच्या सीटला आणखी फोम घालून घेतला, डाव्या बाजूला वर्कशॉपातून रुंद पायफळी करून आणलीत आणि धरायला एक दांडी. उघड्या हवेत आईला काही होत नसे. ती एका बाजूला दोन्ही पाय सोडून, पदर दातात धरून बसायची, राणीसारखी. मला ते चित्र अजून दिसतं, कारण मी पुढे टाकीवर बसलेली असायचे आणि सारखी मागे वळून बघत असायचे, आणि तुम्ही माझं डोकं हाताने धरून पुन्हा समोर करायचात.

हायवेला मात्र तुमची गाडी म्हणजे थट्टेचा विषय. वर्कशॉपातले चौघे पाचजण मिळून कोल्हापूरला निघायचे तेव्हा बाकीचे सारोळ्याचा नीरेचा पूल ओलांडून पलीकडे चहा पिऊन पुन्हा भूक लागली की मग तुम्ही यायचात. साठच्या पुढे गाडी थरथरायची, आरसे नुसते नावाला. एकदा त्यातल्या एकाने आपल्या अंगणात सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "फिटरच्या गाडीचे दात पडल्यात, म्हातारी झाली." तुम्ही हसलात आणि चहाचे कप आत नेऊन ठेवलेत. नंतर तुम्ही त्यांच्याबरोबर जाणंच बंद केलंत. मी विचारलं तर म्हणालात, कंटाळा आला. मला ते खरं वाटलं. सोळा दात तुम्ही मामांकडून तांदळाची पोती आणायला ठेवले असणार, असंही मी धरून चालले होते, कारण पोती खरोखरच यायची.

सारोळ्याजवळच्या कारखान्यात मला स्टोअरला नोकरी लागली तेव्हा रोजचा हायवे माझ्या नशिबी आला. तुम्ही गाडी मला देऊन टाकलीत, त्याबद्दल गल्लीत चार दिवस चर्चा झाली आणि तुम्ही ती ऐकूनही घेतली नाहीत. पण कामावर पोचेपर्यंत माझे हात मुंग्या येऊन बधिर व्हायचे, बिलावर सही करताना अक्षर वेडंवाकडं यायचं. मी एका संध्याकाळी सहज म्हटलं, आबा, पुढे अठरा दात टाकू या. तुम्ही साखळीला तेल घालत होतात. मान वर न करता म्हणालात, "हात बधिर व्हत असतील तर यष्टीनं जा. चकतीला हात लावायचा न्हाई." तुम्ही मला कधी आवाज चढवून बोलला नव्हतात, म्हणून ते लागलं. मी कारण विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. या घरात कारणं सांगायची पद्धत नव्हतीच.

तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षं मी चकतीला हात लावला नाही. मग मागच्या वर्षी साखळी पार घासली, चकतीचे दात कोयत्याच्या टोकासारखे वाकले, सगळा संच बदलायलाच आला होता. नसरापूरच्या मेकॅनिकने विचारलं, "ताई, किती दात टाकू?" आणि मी म्हटलं, अठरा. आबा, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. गाडी हायवेला अशी चालायला लागली की इंजिन मांडी घालून बसल्यासारखं शांत. आरशात मागचे टेम्पो स्पष्ट दिसायला लागले. मी त्या गाडीवरून लेकीच्या कॉलेजला कोल्हापूरला जाऊन आले, जाताना आणि येताना, आणि दुसऱ्या दिवशी कामावरही गेले. आईला माहेरी न्यायचा प्रश्न तेव्हा नव्हता. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती तिकडे गेलीच नव्हती.

मग मामीचा फोन आला. मामांनी अंथरूण धरलं होतं, खाणं सुटलं होतं, माणसं ओळखेनासे झाले होते. डॉक्टरने घरीच ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. मामीने फोन मामांच्या कानाला लावला. आई इकडून मोठमोठ्याने बोलत होती, आणि बऱ्याच वेळाने तिकडून एवढंच आलं, "कवा येतीस?" आईने फोन ठेवला आणि लुगड्याच्या घड्या पिशवीत भरायला लागली. मी म्हटलं, मोटार ठरवते, काचा उघड्या ठेवू. ती म्हणाली, "दादाच्या दारात मला वकत उतरायचं न्हाई." शेजारच्या मुलाने त्याची नवी गाडी दाखवली. त्या गाडीची मागची सीट उंच आणि बोटभर रुंद. आईने ती खालून वर नीट पाहिली आणि म्हणाली, "ह्या शेपटीवर कोन बसतं?" तेव्हा राहिली आपलीच.

वेल्ह्यापर्यंत काही अडचण आली नाही. विंझरला थांबून तिने पाय मोकळे केले, वेल्ह्यात पाणी प्यायली. पासलीच्या पुढे मात्र रस्त्याचं काम चाललेलं, सगळीकडे सुटी खडी, आणि खिंडीतलं ते शेवटचं उभं वळण आहे ना, तिथे मी गाडी पहिल्यात टाकली तरी ती ओढेना. इंजिनही माझ्याहून मोठ्या वयाचं. अठरा दातांवर त्याला हळू जाता येत नव्हतं आणि खडीवर मला जोरात जाता येत नव्हतं. क्लच अर्धा दाबून धरला तर त्यातून जळका वास यायला लागला, मग गाडी बंद पडली आणि मागे सरकायला लागली. आईने माझी कंबर धरली. कामावरच्या एका बाईने घमेलं टाकून धावत येऊन मागच्या चाकाला दगड लावला म्हणून निभावलं. ती म्हणाली, "म्हातारीला धरून नेऊ का वरपत्तुर?" आई म्हणाली, "मला म्हातारी म्हनती. आरशात बघितलंस का सोताला?" पण चार पावलं चालल्यावर तिलाच कळलं की या गुडघ्यावर हा चढ होणार नाही. एक जीप थांबली. आईने धीर करून आत डोकं घातलं, डिझेलचा वास आला आणि तिने डोकं बाहेर काढलं. मामांच्या घरी मामी एकट्याच, नातू पुण्याला, खिंडीत येऊन घेऊन जाणारं कुणी नव्हतं.

आम्ही दोघी रस्त्याकडेच्या दगडावर बसलो. मला माझाच राग आला होता. आईने चष्मा पुसला आणि म्हणाली, "पयल्यांदा बी हितंच थांबली व्हती."

"कधी?"

"तुझ्या येळंला. बाळंतपनाला माहेरी निघालो व्हतो. सातवा सरला व्हता. हितं आलो आन् गाडी दम टाकाया लागली. ह्ये म्हनले, उतर जरा, म्या वर खिंडीत थांबतो. आन् गेले की फर्रदिशी. वैशाखाचं ऊन. म्या ह्यवढं प्वाट घिऊन चढले. वर जाऊन बघती तर ह्ये करवंदं खात बसल्यात."

"मग?"

"मला बी ठेवली व्हती पानात. म्या हात लावला न्हाई. बारशाला आले तरी बोलले न्हाई त्यांच्यासंगं." तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. "मग दिवाळीला निघालो, तू मांडीवर. हितं आल्यावर म्या आपली उतराया लागले, तर म्हनले, बस गप, उतरायचं न्हाई. गाडी गेली वर तशीच. म्या म्हनलं, काय केलंत हिला? म्हनले, एक दात कमी केला. बास. पुन्यांदा त्यावर बोलनं न्हाई."

आबा, त्या दगडावर बसून मला तुमच्यावर आधी चिडायला झालं आणि मग डोळे भरून आले. सातवा महिना सरलेल्या बायकोला उन्हात चढ चढायला लावून तुम्ही करवंदं खात बसलात, हे तुम्हीच करू शकता. आणि त्यानंतर जन्मभर हायवेवर मागे राहिलात, दोस्तांचं ऐकून घेतलंत, कोल्हापूर सोडलंत, पण तिला पुन्हा उतरू दिलं नाहीत, हेही तुम्हीच. तुम्हाला हे मला एका वाक्यात सांगता आलं असतं. आईला खिंड चढता यावी म्हणून आहे ती चकती, एवढंच. मी काय म्हणाले असते?

आम्ही भोरला परत आलो. दुसऱ्या दिवशी कामावर न जाता गाडी नसरापूरला नेली. मेकॅनिकने गाडी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "ताई, ह्याच बाकड्यावर बसून तुमी म्हनला व्हता, आता गाडी गाडीवानी पळंल. पळाली का न्हाई?"

"पळाली."

"मग आता काय झालं?"

"आता चढायची आहे."

सोळा दातांची चकती त्याच्याकडे नव्हती. तुमची जुनी चकती मी फडक्यात बांधून ठेवली होती, ती पुढे केली, म्हटलं एका दिवसापुरती बसव. त्याने तिचे वाकलेले दात बोटाने चाचपले आणि सरळ नाही म्हणाला. "नवी साखळी ह्या दातांवर टिकायची न्हाई. नेमकी चढाला सुटंल, आन् आज्जी खाली. मला न्हाई जमायचं." मग मी पुण्याला नाना पेठेत गेले. दुकानांमागून दुकानं. सतरा आहे, अठरा आहे, एकोणीससुद्धा आहे, सोळा कोण मागतं आता, असं प्रत्येकाचं. संध्याकाळ होत आली तेव्हा एका दुकानदाराने माळ्यावर चढून ग्रीस लावलेली एक चकती काढून दिली. मी तिथेच दात मोजले. बरोबर. तेवढ्यात आईचा फोन, मामी फोन उचलत नाही म्हणून. परतीच्या बसमध्ये मी चकती मांडीवर घेऊन बसले होते आणि मनात फक्त हिशोब चालला होता, की उद्या गाडी झाली तर परवा सकाळी आपण पोचतो, पण मामा परवापर्यंत राहतील ना. रात्री मामीचा फोन लागला. रेंज नव्हती, एवढंच झालं होतं.

एवढीशी चकती, पण तिच्यापर्यंत पोचायला डावी बाजू सगळी उघडावी लागते हे तुम्हाला ठाऊक आहेच. झाकण, क्लच, क्लचच्या जळालेल्या प्लेटी, आणि त्यामागे तो मोठा नट. मेकॅनिकने ब्रेक दाबून धरला आणि मी पान्यावर सगळं वजन टाकलं. नट हलला तसा मला आनंद झाला. तो म्हणाला, "आवळताय ताई. उलट्या आट्याचा हाय त्यो." तुमची मुलगी असून मी विसरले. चकती बसली, नव्या प्लेटी बसल्या, साखळी सैल पडली तशी मागचं चाक मागे ओढून घेतलं. मी गाडी रस्त्यावर काढली आणि पहिल्या शंभर पावलांतच तो जुना आवाज परत आला, भरडल्यासारखा, घाईचा. मेकॅनिक म्हणाला, "पुन्यांदा बोंबलाया लागली बगा." मला तेव्हा ते गाणं वाटलं म्हटलं तर तुम्ही हसाल, म्हणून म्हणत नाही. पण बरं वाटलं.

परवाच्या सकाळी निघालो. आई विंझरलाही थांबू देईना. वळणावर ती बाई घमेलं घेऊन उभी होती, आम्हाला बघून तिने दगड उचलून तयार ठेवला. लागला नाही. गाडी पहिल्यात टाकली आणि ती खडीवरून माणसाच्या चालीने, एकदाही न अडखळता, वर गेली. क्लचला मी बोटसुद्धा लावलं नाही. इंजिन सबंध खिंडीत घुमत होतं. खिंड ओलांडल्यावर आईने माझ्या खांद्यावरचा हात काढून डोळ्यांना पदर लावला.

अंगणात शिरलो तर मामी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर उभ्या. आम्हाला बघून त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "तुमी व्हय वन्सं," त्या म्हणाल्या. आम्ही येणार हे त्यांना माहीत होतं, मग आश्चर्य कसलं ते मला कळेना. गाडी लावून किल्ली काढली तेव्हा त्या माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "आगं, चार दीस झाले, डोळा उघडत नव्हते. खिंडीत गाडी वाजली आन् कोपरावर उठून बसले. म्हनले, चा टाक, दाजी आले. पयलं बी तसंच करायचे, आवाज आला की पानी ठिवाया लावायचे. टाकला म्या. काय करू?"

आत चुलीवर खरंच चहा उकळत होता. मामा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, अंगात हाडंच राहिलेली. त्यांनी आईकडे पाहिलं आणि ओळखलं. "आलीस," म्हणाले. आई त्यांच्या उशाशी बसली, त्यांचा हात आपल्या हातात घेतला. मग त्यांनी तिच्या मागे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्याही मागे बघितलं आणि विचारलं, "दाजी कुठंयत?"

मामी चुलीशी थांबल्या. आईने मात्र पदर सारखा केला आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "येत्यात. गाडी लावत्यात." मामांनी मान हलवली. मामीला म्हणाले, बशी मोठी दे त्यांना. मग आईने चमच्याने त्यांना चहा पाजला आणि त्यांनी तो घेतला, निम्मा कप. मधूनमधून ते दाराकडे बघत होते. आई एकदाही रडली नाही. आम्ही दोन दिवस राहिलो आणि ती त्यांच्या खाटेशेजारीच बसून होती. पुढच्या आठवड्यात मामा गेले, तेव्हा आई मला म्हणाली, भेट झाली बाई, आता माझं काही मागणं नाही.

अठरा दातांची चकती कपाटात आहे. मेकॅनिक दर वेळी विचारतो, ताई, बदलायची का, आता खिंडीत कोण जातंय? मी म्हणते, पुढच्या महिन्यात बघू. हायवेला हात पुन्हा बधिर होतात, सहीचं अक्षर पुन्हा वेडंवाकडं येतं. कारखान्यातले हसतात, त्यांनी हसावं.

एक गोष्ट आईला सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते, म्हणजे हे पत्र घडी घालून ठेवून द्यायला मोकळी. मामा दाराकडे बघत होते तेव्हा तुमच्या गाडीची किल्ली माझ्या मुठीत होती. गाडी मी स्वतः लावून आले होते. तरी ते बघत होते तसं मीही वळून दाराकडे बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिले.